गढीबाहेरचा धनंजय

बोरमाळमध्ये विराज देवकुळेवरून भांडण झालं नाही असा आठवडा सापडायचा नाही. हा गृहस्थ बोरमाळला कधी आलेला नाही आणि येण्याची शक्यताही नाही. जामखेडच्या रस्त्यावर फाट्याला उतरून पुढं कुठं वळायचं हे जिथं टँकरवाल्यालाही दर उन्हाळ्यात नव्यानं सांगावं लागतं, तिथं नटाची काय कथा. पण त्याच्यापायी इथं दोन शेजारणींची विरजणाची देवघेव बंद पडली होती, आणि गिरणीवाल्या छगननं एका बाईचा दळणाचा डबा मुद्दाम सगळ्यांच्या मागं ठेवला होता.

विराज देवकुळे 'गढीवरची सून' या मालिकेत काम करतो. मालिका संध्याकाळी सातला लागते. माळावर एक जुनी गढी आहे. तिथं इनामदारांच्या वंशातला धनंजय राहतो, त्यानं नुकतीच लग्न करून आणलेली ईश्वरी राहते, आणि खाली तळघरात धनंजयचा पणजोबा सर्जेराव राहतो, जो मरून शंभर वर्षं झाली तरी जायचं नाव घेत नाही. या सर्जेरावानं आपल्या बायकोला जिवंतपणी भिंतीत चिणलं होतं आणि आता त्याचा डोळा ईश्वरीवर आहे. धनंजय आणि सर्जेराव, दोघंही विराज देवकुळेच. शिवाय एक मुका गडी आहे, तोंडावर घोंगडी ओढून कंदील घेऊन फिरणारा. त्याचा चेहरा अजून दाखवलेला नाही, पण चालीवरून तोही विराजच, याबद्दल बायकांना शंका नव्हती.

नट म्हणून हा माणूस कसा, यावर गावाचं एकमत व्हायचं नाही. काहींना त्याच्या डोळ्यांकडं बघितलं की पोटात गोळा यायचा. काहींच्या मते त्याला नाकपुड्या फुगवण्यापलीकडं काही येत नव्हतं. जामखेडच्या कॉलेजात जाणारी आरती म्हणायची की भुवया खाली असल्या की धनंजय आणि वर गेल्या की सर्जेराव, एवढ्यात याचा अभिनय आटपतो. छगनचं वेगळंच. एका माणसाला एकाच वेळी जिन्याच्या वर आणि जिन्याच्या खाली उभं राहता येत नाही, तेव्हा हे तिघं सख्खे भाऊ आहेत आणि चॅनलवाले बाकीच्या दोघांची नावं दाबून ठेवतात, असं त्याचं म्हणणं. आरतीनं त्याला मोबाईलवर सगळं समजावून दिलं. छगननं नीट ऐकून घेतलं आणि तिघं भाऊच आहेत म्हणून सांगितलं.

पण ही वरवरची भांडणं. खरा तंटा होता तो धनंजय माणूस म्हणून चांगला की वाईट याचा, आणि त्याचं मूळ मालिकेत नव्हतं, बोरमाळच्या जगण्यात होतं. दसरा झाला की इथलं निम्मं गाव ऊस तोडायला राहुरीकडं जातं आणि पाडव्याच्या आगंमागं परत येतं. मागं उरतात ती म्हातारीकोतारी, शाळेची पोरं, विहिरीला पाणी असलेली चार घरं आणि छगन. आता मालिका लिहिणाऱ्यांनी सर्जेरावाचा नियम असा बांधलेला की तो दिवाळीच्या अमावास्येला तळघरातून उठणार, पणतवाच्या अंगात शिरणार आणि शिमग्याची राख गढीच्या उंबऱ्यावर पडली की परत झोपणार. लिहिणाऱ्यांना ऊसतोडीचा हंगाम माहीत असायचं कारण नाही, पण योग तसा जुळून आला. जाणाऱ्यांनी पाहिला तो उन्हाळ्या-पावसाळ्यातला धनंजय, बायकोचा पदर काट्यात अडकला तर खाली बसून हलक्या हातानं सोडवणारा. राहणाऱ्यांनी हिवाळ्यातलाही पाहिला, आणि एकदा माणसाच्या हातात वीट बघितली की मग त्यानं पदर सोडवला काय अन् न सोडवला काय, सारखंच.

तिकडं उसाच्या फडावर मालिका बघायची सोय नव्हती. राहायच्या पाचटाच्या कोपीत वीज नाही, मोबाईल ट्रॅक्टरवर चार्ज करून आणायचा तो घरी पोरं-म्हातारी बरी आहेत ना एवढं विचारायपुरता, आणि सातच्या सुमाराला उसाची गाडी भरून आलेल्या माणसाला गढी दाखवली काय नि राजवाडा दाखवला काय, त्याचे डोळे उघडे राहत नाहीत. त्यामुळं पाडव्याला परत आल्यावर राहिलेल्या बायका हिवाळ्याची हकीकत सांगायच्या आणि गेलेल्या बायकांना त्यातलं अक्षर पटायचं नाही. चुगली ऐकावी तशा त्या ऐकायच्या. मालिकेला तिसरं वर्ष लागलं तोवर गावात सरळ दोन पक्ष पडले होते.

राहणाऱ्यांची पुढारी दगडाबाई. तिच्याकडं मोठा टीव्ही होता, तो ती उंबऱ्याशी आणून ठेवायची आणि समोरचं अंगण भरून बायका बसायच्या. पुरुष पलीकडच्या दगडी कठड्यावर बसायचे, अर्धी पाठ करून, विहिरीच्या पाण्याच्या गप्पा मारत, आणि ईश्वरी जिना उतरायला लागली की त्यांच्या गप्पा आपोआप बंद पडायच्या. जाणाऱ्यांच्या बाजूनं बोलायची ती कडूबाई.

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हिला कुणाची दृष्ट लागू नये आणि मरणानंही तोंड फिरवावं यासाठी आईनं नाव ठेवलं कडू. ती जगली. लग्न होऊन बोरमाळला आली आणि पहिल्याच दसऱ्याला नवऱ्याबरोबर, हनुमंताबरोबर, फडावर गेली. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला टोळी जमवणारा मुकादम विचारत नाही. त्यानं तोडायचं, तिनं वरचा पाला साळायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. अर्धा कोयता म्हणून कडूबाईनं आपलं सगळं वय काढलं. उसाच्या पाचटानं कापून तिच्या हातांवर पांढऱ्या रेघा पडल्या, मोळ्या वाहून मान आखूड झाली, आणि मुलगा कल्याण झाला तोही कोपीतच, पहाटेच्या थंडीत, शेजारच्या कोपीतल्या बाईनं नाळ कापून. फडाचं कौतुक करावं असं तिथं काही नाही, आणि जे करतात त्यांनी एक मोळी उचलून बघावी.

तरी त्या नरकात तिला एक माणूस मिळाला होता. फडावर हनुमंत तिच्या आधी उठायचा. तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा चहा ठेवायचा, पाण्याचे हंडे लांबून आणायचा, तिच्या तळहातातलं कुसळ बाभळीच्या काट्यानं काढताना तोंडानं फुंकर घालत राहायचा. तिला 'कडे' म्हणून हाक मारायचा. संध्याकाळी भाकरी ती थापायची आणि तो शेकायचा, आणि शेकता शेकता शेजारच्या कोपीतला कोण कसा चालतो त्याची नक्कल करायचा, इतकी हुबेहूब की हसून तिच्या हातातलं पीठ सांडायचं.

पाडव्याला गाडी बोरमाळच्या वेशीतून आत आली की हा माणूस खाली उतरायचाच नाही. उतरायचा तो दुसरा कुणी. हा दुसरा हंड्याला हात लावायचा नाही, बायकोला नावानं हाक मारायचा नाही, 'ऐकलं का' म्हणायचा तेही भिंतीकडं बघून. दिवसभर पारावर. घरी आला की ताट, ताट झालं की परत पार. कडूबाईला याचं कारण ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं गावात एकदा आडावरून हंडा उचलून आणला होता, आणि त्याचा थोरला भाऊ काकासाहेब सगळ्या पारासमोर म्हणाला होता, “हनमंता, उद्या कुकू लावून ये.” सगळा पार हसला. त्या दिवसापासून हनुमंतानं गावात हंड्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. काकासाहेबाचं घर बरोबर समोर, दाराला दार. थोरला दीर म्हणून कडूबाईनंही त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही की तोंडातून शब्द काढला नाही.

कारण ठाऊक असलं तरी कोडं सुटत नव्हतं. यातला खरा कोणता? फडावरचा खरा आणि गावातला सोंग घेतलेला, की गावातला खरा आणि फडावर पर्याय नाही म्हणून हंडा उचलणारा? वर्षानुवर्षं तिनं हे कुणाला विचारलं नाही, कारण काय म्हणून विचारायचं हेच कळत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात तिनं दगडाबाईच्या अंगणात धनंजयला ईश्वरीच्या पायातला काटा काढताना बघितलं, आणि तिचं काळीज लक्कन हललं. त्या दिवसापासून धनंजयला कुणी नाव ठेवलं की ती भांडायला उठायची. बायकांना वाटायचं या वयात हिला नटाचं वेड लागलं. कडूबाई त्यांना वाटू द्यायची.

आणि यंदा सगळं बदललं. कल्याण नगरला एमआयडीसीत कायम झाला. त्यानं घराला स्लॅबची एक खोली काढली, स्वयंपाकाला ओटा केला, गॅस आणला आणि आईला म्हणाला की आता बास, औंदापासून कोयता नाही. दसऱ्याआधी मुकादम बिभीषण नावं घ्यायला आला तेव्हा हनुमंतानं पारावरच सांगून टाकलं की आमचा कोयता धरू नको. कडूबाईला कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? जो तो येऊन म्हणत होता की तुझं सोनं झालं. ती मान हलवत होती आणि आतून तिला रडू येत होतं. मला ऊस तोडायला जायचंय, असं शहाण्या बाईनं कुणाला सांगावं? गुडघे गेलेत, मान गेलीय, पोरगा हात जोडतोय, आणि हिला कोपीत जायचंय. लोक म्हणाले असते की उसाचा रस डोक्यात चढला. पण तिचं दुखणं साधं होतं. फड सुटला की हनुमंत सुटणार होता, आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या भिंतीकडं बघून बोलणाऱ्या माणसाबरोबर काढायचं होतं.

गाड्या निघाल्या त्या सकाळी ती मारुतीच्या देवळापाशी उभी राहिली. ट्रॉल्यांवर भांडी, खाटा, शेळ्या, लेकरं. हनुमंत पुरुषांत उभा होता. शेवटची ट्रॉली वळणावर गेली तेव्हा त्याचा हात निरोप द्यायला अर्धा वर गेला, आणि मग त्यानं त्याच हातानं आपली मान खाजवली. कडूबाईनं ते बघितलं. घरी येईपर्यंत ती त्या हाताचा विचार करत राहिली आणि तिला त्यातून काही अर्थ लावता आला नाही.

दिवाळीची अमावास्या आली आणि सर्जेराव उठला. कडूबाईनं त्याला पहिल्यांदाच नीट बघितलं. तेच नाक, तीच हनुवटी, भुवया तेवढ्या वर. ईश्वरीनं ताट वाढलं तर तो ताटाकडं न बघता भिंतीकडं बघून जेवायचा. दगडाबाई तिच्याकडं वळून वळून बघायची, आता बोल म्हणून. कडूबाईचा पक्ष सगळा राहुरीकडं गेलेला, ती एकटी उरलेली, आणि तिला बाजू कशी घ्यावी हेच सुचत नव्हतं. कधी तिला वाटायचं हा धनंजयच नव्हे. कधी वाटायचं की आहे, आणि मग आपण इतके उन्हाळे कुणासाठी भांडलो?

त्यात तिचा गुडघा सुजला. पाय टेकवेना. घरात पाणी संपलं. ती बाजेवर पडल्या पडल्या बघत होती. हनुमंत रिकाम्या हंड्यापाशी उभा राहिला. हंड्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, दारातून समोर काकासाहेब ओट्यावर बसलेला दिसत होता तिकडं बघितलं. मग बाहेर गेला आणि भावजयीला, रतनबाईला, सांगून आला की सुनेला दोन हंडे आणून द्यायला सांगा. पाणी आलं. कडूबाईनं ते प्यायलं नाही. हा गडी फडावर असताना मुळाच्या कालव्यावरून चिखलातनं दोन-दोन हंडे आणायचा, आणि इथं टाकी हाकेच्या अंतरावर. तिला त्याचा राग आला, मग त्याची दया आली, मग राग येतो की दया येते हेच समजेना म्हणून स्वतःचा राग आला. तोंडावर पदर घेऊन ती बराच वेळ रडली.

गुडघ्याची सूज उतरली तशी ती परत दगडाबाईच्या अंगणात जायला लागली. भिंत चिणायचा भाग लागला त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. धनंजयनं ईश्वरीला तळघरात नेलं. चुना कालवलेला होता. ईश्वरी कोनाड्यात पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, अहो, मी आहे. एक क्षण त्याच्या भुवया खाली आल्या. कडूबाई पुढं सरकली. मग भुवया वर गेल्या, त्यानं पहिली वीट ठेवली आणि तिथंच भाग संपला.

दगडाबाईनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि सभा सुरू झाली. दगडाबाई म्हणाली सर्जेराव बिर्जेराव काही नाही, हा मूळचाच असा, बायको नकोशी झाली म्हणून पणजोबाचं नाव पुढं केलंय. रतनबाई म्हणाली अंगात शिरल्यावर माणसाचं काय चालतं, त्याला दोष देऊ नये. आरती म्हणाली दोष त्याच्या कामाचा आहे, चांगल्या नटानं आत कोण आहे ते डोळ्यांत दाखवलं असतं, हा नुसत्या भुवया हलवतो म्हणून तर आपल्याला कळत नाही. कठड्यावरून छगननं सांगितलं की हा मधला भाऊ होता, कंदिलवाला धाकटा उद्या येईल आणि तिला सोडवील. त्यावर पुरुषांतच दोन तट पडले. सगळे एकदम बोलत होते, आणि दगडाबाईनं कडूबाईच्या मांडीवर थाप मारून विचारलं की तू गं का गप, कुठं गेला तुझा धनंजय.

कडूबाईनं डोळे पुसले. ती हळूच बोलली, पण तिचा आवाज फडावर गाडीपर्यंत पोचवायची सवय असलेला, त्यामुळं तो सगळीकडं गेला.

“त्यो गढीभाईर असताना कवा वाईट वागलेला बघितलाय का तुमी?”

बायका आठवायला लागल्या. जत्रेचा भाग, नदीचा भाग, ईश्वरीच्या माहेरचा भाग. दगडाबाईनं तर एकही भाग चुकवलेला नव्हता. ती बोटांवर भाग मोजत राहिली आणि शेवटी तिला न्हाई म्हणावं लागलं.

“मंग वाईट त्यो न्हाई,” कडूबाई म्हणाली. “गढीत काय हाय ते वाईट हाय. आत पाय ठिवला की ह्यो त्येच्यासारका हुतो. भाईर गेला की माजा मला मिळतो.”

माजा म्हटल्यावर दोघी-तिघी पदराआड हसल्या. आरतीला मात्र ते पटलं. ती म्हणाली, मावशी, मग त्या दोघांनी गढी सोडून का नाही जायचं?

“जायाचे की. दरसाली जायाचे,” कडूबाई म्हणाली. “औंदा पोरानं गढीवर स्लॅब टाकला.”

बायका गोंधळल्या. ईश्वरीला पोरगा कुठला, आणि गढीवर स्लॅब कधी पडला? एकीला वाटलं मधला एखादा भाग आपला चुकला. रतनबाईनं आरतीला मोबाईलवर बघायला सांगितलं. दगडाबाईनं तेवढा कडूबाईच्या मांडीवर ठेवलेला हात तसाच राहू दिला. कठड्यावरून कुणीतरी उठल्याचा आवाज आला. हनुमंतानं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि तो घराकडं निघून गेला.

कडूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. गावासमोर नवऱ्याची अब्रू काढली असं झालं होतं, निदान ज्याला कळलं त्याच्यापुरतं तरी. घरी आली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिनं भाकरी वाढली, त्यानं खाल्ली. तो काही बोलेल म्हणून ती थांबली, मग आपणच काही बोलावं म्हणून थांबली, आणि शेवटी भांडी आवरून निजली. तिला वाटलं होतं की बोललं की मोकळं होईल. उलट सगळंच जास्त अडकून बसलं होतं.

सकाळी तिला जाग आली ती गुळाच्या वासानं. डोळे न उघडता क्षणभर तिला वाटलं आपण कोपीत आहोत. मग तिनं बघितलं. हनुमंत ओट्यापाशी उभा होता. उभ्यानं स्वयंपाक करायची सवय नसल्यानं त्यानं एक पाय उगाच दुसऱ्या पायावर टेकवला होता. लायटर त्याला जमला नव्हता, तीन-चार काड्या जळून पडल्या होत्या. पातेल्यात चहा वर येत होता आणि तो गॅस कमी करायच्या ऐवजी चुलीवर करतात तसा पातेलंच उचलून धरत होता. आणि दार त्यानं लावलेलं होतं. खिडकीही. दिवस वर आला होता तरी खोलीत अंधार होता.

“कडे, उठ,” तो म्हणाला. “च्या घे.”

बोरमाळमध्ये या नावानं त्यानं तिला पहिल्यांदा हाक मारली. तिनं कप हातात घेतला. गोडी तीच, आलं ठेचून घातलेलं तेही तसंच. तिला फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी तिची नजर लावलेल्या दारावर गेली. म्हणजे हे असं चालणार होतं. दार लावून. आत एक, बाहेर एक. तिनं तेवढ्यावर समाधान मानावं का? बऱ्याच बायकांना दार लावूनही मिळत नाही. घोट घेता घेता तिनं स्वतःला तसं समजावून बघितलं, आणि तिला ते पटतंय की नाही हे तिचं तिलाच कळेना. तिनं कप खाली ठेवला, उठली, लंगडत दारापाशी गेली आणि कडी काढून दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

ऊन आत आलं. समोर काकासाहेब त्याच्या ओट्यावर राखुंडीनं दात घासत बसला होता. त्यानं मान वर केली. सरळ नजरेत हनुमंत, एका हातात पातेलं, एका हातात गाळणी, खांद्यावर कडूबाईचं भांडी पुसायचं फडकं. टाकीकडं निघालेली दगडाबाई रस्त्यातच थबकली. कडूबाई डोक्यावर पदर घेऊन दाराच्या आड झाली आणि तिच्या मनात आलं की आपण हे काय करून बसलो.

हनुमंताचे कान लाल झाले. पातेलं खाली ठेवावं की धरून राहावं हे त्याला ठरवता येईना. कडूबाई त्याच्या भुवयांकडं बघत होती. मग तो दारात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “दादा, च्या घेता का?”

काकासाहेबानं बोट तोंडातच ठेवून त्याच्याकडं बघितलं. खळखळून चूळ भरली, थुंकला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“साखरंचा हाय का गुळाचा?” त्यानं विचारलं.

एवढंच. हंड्याचं, कुंकवाचं, पारावरच्या हसण्याचं त्याच्या तोंडावर काही नव्हतं. त्याला ते आठवतही नसावं. हनुमंत गाळणी धरून नुसता उभा राहिला. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो तो म्हातारा गुळाचा चहा मागतोय, यावर हसायचं की कपाळाला हात लावायचा, हे त्याला समजत नव्हतं. तो वळून कडूबाईकडं बघायला लागला. आणि तिला काही केल्या कळेना की हा त्यातला कोणता. फडावरचा असा घाबरलेला नसायचा, आणि गावातला असा तिच्याकडं बघायचा नाही.

काकासाहेब उत्तराची वाट बघत होता. हनुमंत अजून कडूबाईकडंच बघत होता.

“गुळाचा हाय,” कडूबाई म्हणाली, आणि थोरल्या दिरासमोर तिचा आवाज पहिल्यांदाच दाराबाहेर गेला.